चार घरांचा एक दिवा

घरपट्टीचं बिल सहसा कुणी वाचत नाही. एकूण रक्कम बघतात, गेल्या वर्षीपेक्षा वाढली का ते बघतात, थकबाकीवर लागलेली शास्ती बघून चरफडतात आणि कागद लाइटबिलांच्या गठ्ठ्यात सरकवून देतात. आता बऱ्याच ठिकाणी तो कागदही राहिलेला नाही. मोबाईलवर आकडा येतो, बोट टेकवलं की पैसे जातात, विषय संपतो.

एकदा ते बिल सावकाश, ओळीओळीने वाचून बघा. धाराशिवचं असो, तुळजापूरचं, उमरग्याचं नाहीतर परंड्याचं. वर मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, करयोग्य मूल्य. त्याखाली एकाखाली एक ओळी: सामान्य कर, पाणी कर, सफाई कर, दिवाबत्ती कर, वृक्ष कर, शिक्षण कर. बिल दुकानाचं असेल तर रोजगार हमी कर. नावं गावागणिक थोडी बदलतात, पण यादी साधारण हीच.

यातल्या दोन ओळी दारात उभं राहिलं की दिसायला हव्यात. दिवाबत्ती कर म्हणजे समोरचा खांब आणि वृक्ष कर म्हणजे खांबाशेजारचं झाड. बाकीच्या करांचं काय होतं ते शोधत बसावं लागतं. या दोघांचं काय झालं ते संध्याकाळी सात वाजता कळतं. खांब अंधारात असेल तर क्लासहून परतणारी मुलगी लांबचा रस्ता धरते, म्हातारी माणसं घराबाहेर पडत नाहीत आणि गल्लीच्या तोंडाशी कुत्री बसलीत की माणसं, हे जवळ गेल्याशिवाय समजत नाही.

कर तर भरला आहे, पावतीवर तसं लिहिलंय. मग दिवा का नाही? याचं उत्तर 'नगरपालिका झोपली आहे' एवढ्यावर संपत नाही. त्यासाठी ही ओळ बिलावर कधी आली, कुणी आणली आणि तिच्यातून खरोखर काय येऊ शकतं, हे बघावं लागतं.

पट्टी म्हणजे काय

आधी शब्द. पट्टी म्हणजे कापडाची लांब चिंधी, आणि घरटी किंवा माणशी वाटून काढलेली रक्कमही. गावात देवळाचं काम निघालं की पट्टी काढतात. कुणी किती द्यायचे ते ठरतं, यादी होते, आणि पैसे कशावर गेले ते सगळ्यांना दिसतं. घरपट्टी हा शब्द मराठेशाहीतही होता. मोहतर्फा नावाचा करही होता, तो कारागीर, दुकानदार यांच्या घर-धंद्यावर बसायचा. फरक एवढाच की देवळाची पट्टी गावातच खर्च व्हायची, आणि सरकारी घरपट्टी सरकारच्या खजिन्यात जायची. घरावर कर होता, पण त्या कराच्या बदल्यात दारासमोर दिवा लावायचा असा करार नव्हता. रात्री बाहेर पडायचं तर आपापला कंदील, नाहीतर पलिता.

हा करार एकोणिसाव्या शतकात आला. कंपनी सरकारने १८५० मध्ये २६ क्रमांकाचा कायदा केला. एखाद्या शहरातल्या रहिवाशांनी मागणी केली, तर रस्ते बांधणं, झाडणं, उजळणं यासाठी तिथे समिती नेमता येईल आणि खर्चासाठी स्थानिक कर बसवता येईल, असा त्याचा आशय. सोलापुरात त्याच दशकात नगरपालिका आली. पण बहुतेक शहरांना घरावरचा कर नको होता. दरवर्षी दारात येऊन मागितला जाणारा पैसा डोळ्यांत खुपतो. त्यापेक्षा नाक्यावर मालावर जकात घेतलेली बरी. ती व्यापारी भरतो आणि भावात मिसळून टाकतो, कुणाला जाणवत नाही. मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना जकातीची ही सवय तेव्हा लागली, ती पुढे दीडशे वर्षं टिकली. तिची किंमत पुढे येईलच.

गॅसचे दिवे आणि करदात्यांची सभा

मुंबईत ऑक्टोबर १८६५ मध्ये गॅसचे पहिले दिवे लागले. एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडी बाजार हे पहिले मानकरी. दिवे पेटवणाऱ्याच्या मागे लोक घोळक्याने फिरत होते. त्याच वर्षी आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाला. त्याने रस्ते रुंद केले, मंडई बांधली, गटारं हाती घेतली. खर्च हाताबाहेर गेला आणि घरावरचे कर वाढले. तेव्हा मुंबईतल्या घरमालकाला वेगवेगळ्या नावांचे कर भरावे लागत. त्यात घराचा होता, पोलिसांचा होता, दिव्यांचाही होता.

१८७१ मध्ये करदाते उसळले. सभा झाल्या, अर्ज गेले, क्रॉफर्डला जावं लागलं. त्या वादात पंचविशीतला एक बॅरिस्टर वेगळंच म्हणत होता. माणूस बदलून काही होणार नाही, करदात्यांनी निवडलेले सभासद हवेत, असं त्याचं म्हणणं. त्याचं नाव फिरोजशहा मेहता. १८७२ च्या कायद्याने मुंबईला ६४ सभासदांची कॉर्पोरेशन मिळाली आणि त्यातले ३२ करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. म्हणजे मुंबईच्या माणसाला पहिलं मत मिळालं ते नागरिक म्हणून नाही, घरपट्टी भरणारा म्हणून. ते मत मूठभरांचंच होतं. भाडेकरू, मजूर, बहुतेक बायका बाहेरच राहिल्या. तरी एक गोष्ट पक्की झाली: पैसे देणाऱ्याला हिशोब विचारता येतो.

तो हिशोब विचारण्याचं सगळ्यात धारदार उदाहरण पुण्यातलं आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा ठराव आला. सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. आजच्या भाषेत तो 'शहर सुशोभीकरणाचा' ठराव होता. पाहुण्यासाठी लावलेला दिवा आणि रहिवाशासाठी लावलेला दिवा यांतला फरक त्यांनी दाखवून दिला.

सरहद्दीच्या अलीकडे

हे सगळं घडत होतं तेव्हा धाराशिव कुठे होतं? १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी जे मुलूख इंग्रजांच्या हवाली केले, त्यांत वऱ्हाड आणि रायचूरबरोबर धाराशिवचा भागही होता. सात वर्षं तो इंग्रजी कारभाराखाली राहिला आणि १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. सरहद्द पुन्हा बार्शी आणि धाराशिवच्या मधून गेली. पलीकडच्या बार्शीत एकोणिसाव्या शतकातच नगरपालिका होती, १८९७ मध्ये छोटी रेल्वे आली. अलीकडे जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला होतं. ते १९०४ मध्ये धाराशिवला हललं, आणि पुढे सातवा निजाम मीर उस्मान अली खानाच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव रूढ झालं.

हैदराबाद संस्थानात स्थानिक कामांसाठी मुख्य पैसा यायचा तो जमीन महसुलावरच्या उपकरातून, रुपयामागे एक आणा. म्हणजे रस्ता, शाळा, दवाखाना जे काही व्हायचं ते शेतकऱ्याच्या साऱ्यावर. जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष अव्वल तालुकदार, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टरच. पैसा खालून यायचा आणि निर्णय वरून. मुंबईत कराच्या भांडणातून मत जन्माला आलं. इथे कर होता, पण भांडायला जागा नव्हती. दिवा लागला तर तो सरकारची मेहरबानी, न लागला तर तक्रार करणार कुणाकडे? ही सवय मराठवाड्याच्या हाडीमाशी किती भिनली आहे, ते आजही नगरपरिषदेच्या दारात 'साहेबांनी दिवे दिले' हे वाक्य ऐकलं की जाणवतं.

एकेक ओळ, एकेक साल

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याने जिल्हा नगरपालिकांसाठी कायदा केला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र झाल्यावर राज्यात नगरपालिकांचे चार वेगवेगळे कायदे चालू होते. मुंबई इलाख्याचे दोन, विदर्भाचा एक, मराठवाड्याचा एक. ते मोडून १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद कायदा आला. आज धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम, परंडा या आठही नगरपरिषदा त्याच कायद्याने चालतात. त्यात मालमत्तेवरच्या एकत्रित कराचे घटक नावानिशी दिले आहेत: सामान्य कर, पाणी कर, दिवाबत्ती कर, सफाई कर. बिलावरची आपली ओळ ती ही. गावांसाठी १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आहे. तिथेही नमुना ८ च्या कर आकारणी नोंदवहीत दिवाबत्ती कराचा स्वतंत्र रकाना असतो.

शिक्षण कर १९६२ च्या कायद्यातला. तो आपली नगरपरिषद फक्त गोळा करते, जातो राज्याकडे. रोजगार हमी कर त्याच कायद्याला नंतर जोडला गेला, १९७२ च्या दुष्काळाच्या सावलीत. त्या दुष्काळात उस्मानाबाद जिल्हा होरपळला होता. खडी फोडायला गेलेल्यांच्या आठवणी अजून घराघरात आहेत. शहरातल्या दुकानाच्या बिलावरची ही ओळ म्हणजे शहराने खेड्याला दिलेलं एक वचन आहे. वृक्ष कर १९७५ च्या नागरी झाडांच्या कायद्यातून आला. त्याच कायद्याने वृक्ष प्राधिकरण, झाडांची दर पाच वर्षांनी गणना आणि तोडायला परवानगी, हे सगळं आणलं.

योगायोग असा की १९७२ मध्येच अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने रस्त्यावरचे दिवे आणि झाडं-बागा यांसाठी खास कायदा केला. तिथली पद्धत वेगळी. ज्या वस्तीला दिव्याचा आणि बागेचा फायदा होतो तिच्याभोवती रेघ मारायची, अभियंत्याने कुणाला किती फायदा ते मोजायचं, त्या प्रमाणात आकारणी करायची, आणि तो पैसा त्या रेघेच्या आतच खर्च करायचा. १९९६ नंतर तर आकारणी बसवण्याआधी मालमत्ताधारकांना मतपत्रिका पाठवणं सक्तीचं झालं, आणि ज्याच्यावर जास्त आकारणी त्याच्या मताला जास्त वजन. हिशोब चोख. पण ज्या वस्तीकडे पैसा आहे तिच्याच दारात बाग फुलणार, आणि भाडेकरूला बहुधा मतच नाही.

आपल्याकडे रेघ नाही. बिलावर ओळी वेगळ्या, पण यातले नगरपरिषदेचे पैसे शेवटी एकाच तिजोरीत पडतात. याचा मोठा फायदा आहे: बाजारपेठेतल्या दुकानाच्या करातून गावाबाहेरच्या वस्तीत खांब उभा राहू शकतो. ज्या वस्तीत सगळी मिळून चार पत्र्याची घरं आहेत, तिने आपला दिवा आपल्याच पैशाने लावावा असं आपण म्हणत नाही, हे बरंच आहे. पण त्याच तिजोरीत दिव्याचा पैसा दिव्यावरच गेला का, हे ओळखता येत नाही.

एक दिवा किती घरांचा

आता जरा हिशोब करू. आकडे नमुन्याचे आहेत, पण रीत खरी आहे.

करयोग्य मूल्य म्हणजे घर भाड्याने दिलं तर वर्षाला काय येईल त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून उरलेली रक्कम. समजा वार्षिक भाडं धरलं १२,००० रुपये. दहा टक्के गेले, राहिले १०,८००. त्यावर दिवाबत्ती कर तीन टक्के धरला तर ३२४ रुपये. महिन्याला २७.

आता दिवा. ४० वॉटचा एलईडी रात्रीचे अकरा तास जळला तर वर्षाला साधारण १६० युनिट खातो. युनिट आठ रुपये धरलं तर १,२८५ रुपये. म्हणजे चार घरांनी पूर्ण कर भरला तर एका दिव्याची फक्त वीज निघते. खांब, तार, जळालेला दिवा बदलणं, शिडी घेऊन येणारा माणूस, हे सगळं वेगळं.

एलईडीच्या आधी १५० वॉटचे पिवळे सोडियम दिवे होते. त्यातला एक दिवा याच हिशोबाने वर्षाला जवळपास पाच हजार रुपयांची वीज खायचा, म्हणजे पंधरा घरांचा कर. केंद्राने २०१५ मध्ये पथदिवे एलईडी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला त्यामागे हे गणित होतं. दिवे बदलायचा खर्च वाचलेल्या विजेतून फेडायचा.

आता गणितातली पहिली संख्या बदलून बघा. कायद्याप्रमाणे आकारणी दर चार वर्षांनी नव्याने व्हायला हवी. समजा ती लांबली, आणि तुमच्या घराचं वार्षिक भाडं कागदावर अजून ३,००० रुपयेच आहे. मग दिवाबत्ती कर पडतो ८१ रुपये, आणि एका दिव्याला चारच्या जागी सोळा घरं लागतात. आकारणी वाढवायची म्हटलं की मोर्चा निघतो, निवडणूक जवळ असते, फाइल बाजूला पडते. घरमालक खुश, नगरसेवक खुश. वीज मात्र दरवर्षी नव्या भावाने येते.

दूरदूरची घरं

१९९३ हे साल या जिल्ह्याला विसरता येत नाही. त्या वर्षी २४ एप्रिलला पंचायतींची आणि १ जूनला नगरपालिकांची घटनादुरुस्ती अमलात आली. घटनेच्या नव्या बाराव्या परिशिष्टात 'रस्त्यावरची दिवाबत्ती' हे शब्द नावानिशी आले. पहिल्यांदाच घटना खांबापर्यंत पोहोचली. आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. तेव्हाच्या उमरगा तालुक्यातल्या सास्तूरसारखी गावं मातीत मिळाली.

जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं जमिनीच्या प्रमाणात: भूमिहीन आणि थोड्या जमिनीवाल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्यांना ७५०. दगड-मातीची जाड भिंत ज्यांच्या माणसांवर पडली होती, त्यांना आता एकाला एक लागून घर नको होतं. नकाशावर सरळ रेघा आल्या, रुंद रस्ते आले, घरांमध्ये मोकळी जागा आली. भीतीने मागितलेलं ते अंतर होतं आणि ते देणं बरोबरच होतं.

पण दिव्याच्या हिशोबात अंतर महाग असतं. जुन्या गावठाणात गल्ली अरुंद. घराचा दर्शनी भाग वीस फुटांचा धरला, तर शंभर फुटांवर एक खांब म्हणजे दोन्ही बाजू मिळून दहा घरांच्या दारात उजेड. नव्या गावात प्लॉट पन्नास फुटांचा धरला, तर तोच खांब चार घरांपुरता. गावात घरटी दिवाबत्ती कर वर्षाला शंभर रुपये धरू. जुन्या गल्लीत खांबाला हजार रुपये मिळायचे, नव्या रस्त्यावर चारशे. दिवा मात्र तेवढीच वीज मागतो. माणसं तीच, गावाचं नाव तेच, करही तेवढाच. उजळायचा रस्ता मात्र कितीतरी लांब झाला. वसाहत बांधायला कर्ज मिळालं. रोज रात्री ती उजळायची जबाबदारी नव्या घटनादुरुस्तीने हक्क मिळालेल्या, पण हातात फारसे पैसे नसलेल्या ग्रामपंचायतीकडे आली.

तुळजापूरची अडचण वेगळी. नवरात्रात आणि कोजागरीला लाखो माणसं येतात, सोलापूरकडून कित्येक जण रात्र-रात्र चालत येतात. त्यांच्यासाठी उजेड लागतो, पाणी लागतं, झाडलेला रस्ता लागतो. त्यांच्यातल्या फार थोड्यांचं तुळजापुरात घर आहे. घरपट्टी भरतो गावकरी आणि दिव्याखालून चालतो सगळा महाराष्ट्र, शिवाय कर्नाटक आणि तेलंगण. याच कारणासाठी पंढरपुरात इंग्रजी अमलात यात्रेकरूंवर कर होता. देवाच्या दारी जायला पैसे कशाला, असा प्रश्न येणारच. पण मग तो दिवा कुणाचा, हा प्रश्नही तेवढाच रास्त आहे.

पैसा वरून, अंधार खाली

१९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, चिरीमिरी चाले, कुणाला तिचं दुःख झालं नाही. पण दीडशे वर्षांची सवय एका फटक्यात गेली. बदल्यात राज्याकडून अनुदान सुरू झालं. स्वतःच्या हातातला मोठा कर राहिला तो घरपट्टीच, म्हणजे जो बसवायला पहिल्यापासून सगळे घाबरत होते तोच.

गावांचं त्याहून अवघड. रस्त्यावरच्या दिव्यांची बिलं बऱ्याच अंशी शासन भरत असे. थकबाकी साचत गेली. २०२१ मध्ये महावितरणने राज्यात अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची जोडणी तोडली, आणि त्याच जूनमध्ये ही बिलं पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत असा शासनाचा आदेश आला. सरपंच संतापले, तो निधी विकासकामांसाठी म्हणून दिला होता. त्यांचा संताप खरा होता. पण गावात फारसं कुणी न विचारलेला एक प्रश्न होता: नमुना ८ मधल्या दिवाबत्तीच्या रकान्यात जो पैसा दरवर्षी येतो, तो किती होता आणि त्यातून किती दिवे चालायला हवे होते?

इथे गोष्टीची गाठ आहे. खांब उभा करायला पैसा वरून येतो. त्याला योजनेचं नाव असतं, कोनशिला असते, फीत असते. शहराच्या दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावायलाही तसाच पैसा येतो. पण दिवा रोज जळतो आणि झाड रोज पाणी पितं. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात माणसांसाठी टँकर येतो. लावलेलं झाड पहिले तीन उन्हाळे जगवायचं तर त्यालाही टँकरच लागतो. या रोजच्या खर्चाला कोनशिला नसते. तो भागवायचा तर घरपट्टीच लागते, कारण दरवर्षी, दर घरातून, न चुकता येईल असा दुसरा पैसा गावाजवळ नाही.

वरून पैसा येणं वाईट नाही. धाराशिवसारख्या जिल्ह्याने, ज्याला नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, सगळं आपल्या घरपट्टीतूनच करावं असं म्हणणं अन्याय होईल. पण दिवा ज्याच्या पैशाने जळतो त्याच्याकडेच लोक तोंड करून उभे राहतात. बिल मुंबईहून भरलं गेलं तर प्रश्नही मुंबईला जातो आणि वाटेत विरतो. १८७१ च्या करदात्यांना जे भांडण मिळालं, ते हैदराबादच्या राज्यात आपल्या पणजोबांना मिळालं नव्हतं. १९५० नंतर प्रत्येकाला मत मिळालं, घर असो वा नसो. ही मुंबईच्या जुन्या करदात्यांनाही न सुचलेली गोष्ट. आता मत आहे, कर आहे, आणि बिलावर दिव्याची स्वतंत्र ओळही आहे. त्या तिघांना एकत्र धरून कुणी विचारत नाही, एवढंच.

विचारायला फार काही लागत नाही. नगरपरिषदेची आकारणी यादी प्रसिद्ध होते तेव्हा तिच्यावर हरकत घेता येते, आणि शेजाऱ्याचं तीन मजली घर कागदावर अजून एक मजली का आहे, हेही बघता येतं. ग्रामसभेत नमुना ८ आणि ९ मागता येतात: आकारणी किती झाली, मागणी किती, वसुली किती. त्यातला दिवाबत्तीचा आकडा घ्यायचा आणि शेजारी महावितरणचं बिल ठेवायचं. दोन आकड्यांत अंतर असेल तर ते कशाने भरायचं, कर वाढवून, दिवे कमी वॉटचे करून, की थकबाकीदारांकडून वसूल करून, यावर खरी चर्चा होऊ शकते. कधी उत्तर 'कर वाढवा' असंही निघेल. ते ऐकायची तयारी हवी.

आज संध्याकाळी घरातून निघून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जा. खांब किती, चालू किती, आणि दर खांबामागे घरं किती, ते मोजत जा. फोनमध्ये टिपून ठेवा. मग घरी येऊन घरपट्टीचं बिल काढा आणि दिवाबत्तीच्या ओळीपुढचा आकडा त्या घरांच्या संख्येने गुणा.